अद्भुताचे सोबती

नाट्यसंगीताचा नाद असलेला मनुष्य कोणत्याही गावी गेला तरी एकटा पडत नाही. ओट्यावर बसून त्याने एखादे पद नुसते गुणगुणले की शेजारच्या ओट्यावरून कोणी तरी पुढची ओळ उचलतो, आणि मग बालगंधर्व थोर की मास्टर दीनानाथ थोर हा वाद रात्रीच्या दहापर्यंत रंगतो. क्रिकेटच्या शौकिनांविषयी तर बोलावयासच नको. परंतु ज्याला परग्रहांचा, कालयंत्राचा, तिलिस्माचा आणि अय्यारांचा नाद लागला आहे अशा गृहस्थाची स्थिती मोठी चमत्कारिक असते. एस.टी.त पुस्तक उघडताना तो मुखपृष्ठ मागे दुमडून घेतो. कोणी विचारले तर "काही नाही, मुलाचे आहे" असे सांगतो. पन्नाशी उलटलेल्या, घरची जबाबदारी नीट सांभाळणाऱ्या एका स्नेह्यांना आम्ही अशाच स्थितीत कल्याणच्या गाडीत पकडले. त्यांच्या हातात भा. रा. भागवतांचे 'मुक्काम शेंडेनक्षत्र' होते. आमच्याही पिशवीत तसलेच काही होते हे कळल्यावर त्यांचा चेहरा जो खुलला तो आम्ही विसरणार नाही.

अशा नादिष्टांविषयी, त्यांना एकमेकांचा शोध कसा लागतो ह्याविषयी, आणि आपल्या आवडीची कथा दुसऱ्याच्या हाती कशी द्यावी ह्याविषयी चार शब्द लिहावेत असा आमचा विचार आहे. भिवंडीसारख्या मागांच्या गावात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अद्भुतकथा ही साहेबाकडून आलेली चीज आहे असे पुष्कळांना वाटते. वास्तविक आपल्या घरोघरी आजीने विक्रम-वेताळ सांगितला तो काही टेम्स नदीच्या काठावरून आला नव्हता. मद्रासेहून १९४७ च्या जुलैत नागी रेड्डी आणि चक्रपाणी ह्यांनी तेलुगू व तमिळ भाषांत जे 'चंदामामा' मासिक सुरू केले तेच पुढे मराठीत 'चांदोबा' होऊन आपल्याकडे आले. ह्यातील मौज अशी की, भिवंडीत मागावर काम करणाऱ्या तेलुगू पद्मशाली घरातील मुलाने आणि ब्राह्मणआळीतील मराठी मुलाने खांद्यावर प्रेत घेऊन तलवार उपसून चालणाऱ्या विक्रमराजाचे तेच चित्र पाहिले. ते चित्र काढणारे शंकर २०२० साली वारले. दोन्ही मुलांना ठाऊक नव्हते की पलीकडच्या गल्लीत आपला सोबती आहे.

तिसऱ्या गल्लीत आणखी एक मोठे भांडार होते. उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकर घराण्यांबरोबर उर्दू भाषा भिवंडीत आली, आणि तिच्याबरोबर अमीर हमजाची दास्तान आली. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या दास्तानीचे जे प्रचंड ग्रंथ छापले त्यांतील 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा भाग सर्वांत गाजलेला. मुहम्मद हुसेन जाह ह्यांनी त्याचे पहिले चार खंड लिहिले आणि अहमद हुसेन कमर ह्यांनी तो पुढे नेला. तिलिस्म म्हणजे नुसती जादू नव्हे. जादूगाराने बांधलेला तो एक स्वतंत्र प्रदेशच असतो. त्याला सीमा असतात, आतील सृष्टीचे नियम वेगळे असतात, आणि तो फोडण्याची युक्ती एका पाटीवर कोरून कोठे तरी दडवून ठेवलेली असते. तिला लौह म्हणतात. तिलिस्म कोणी फोडावा हेही आधीच ठरलेले असते. तलवारीने जेथे काम भागत नाही तेथे अमर अय्यार पुढे येतो. ह्या अय्याराजवळ जंबील नावाची पिशवी असते, आणि तिच्यात राजवाडेसुद्धा मावतात.

अय्यार हा शब्द वाचून ज्यांचे कान टवकारले असतील त्यांनी 'चंद्रकांता' वाचलेली असणार. देवकीनंदन खत्री ह्यांनी १८८८ साली काशीला ती कादंबरी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, आणि ती वाचता यावी म्हणून लोक नागरी लिपी शिकले असे हिंदीचे इतिहासकार सांगतात. अय्याराचा बटवा आणि तिलिस्माची कुलुपे खत्रींनी ह्याच दास्तानींच्या परंपरेतून उचलली. आपल्याकडे नाथमाधवांचे 'वीरधवल' आणि गो. ना. दातार ह्यांची 'कालिकामूर्ति' ज्या पिढीने कंदिलाच्या उजेडात वाचली त्या पिढीला हा रस परका नव्हता. दातारांनी तर रेनॉल्ड्ससारख्या इंग्रज कादंबरीकाराचे मालमसाले घेऊन त्यांना आपल्या मातीचे असे लेणे चढविले की वाचकाला मूळ ग्रंथाची आठवणही होऊ नये.

आता विज्ञानकथेकडे वळू. तिलिस्म आणि विज्ञानकथा ही भावंडे आहेत असे आमचे मत आहे. फरक एवढाच की, विज्ञानकथाकार लौह दडवून ठेवीत नाही. तो एक अशक्य वाटणारी गोष्ट आपल्याकडून कबूल करून घेतो. माणूस अदृश्य झाला, काळात मागे गेला, किंवा चंद्रावर तोफेतून उडाला एवढे एकदा मान्य करा, असे तो म्हणतो. त्यानंतर मात्र तो तसूभरही सूट मागत नाही. अदृश्य माणसाने अन्न खाल्ले तर ते पोटात दिसेल काय, थंडीत त्याने कपडे घालावेत की काढावेत, हे सर्व त्याला सोडवावे लागते. एच. जी. वेल्सने हे तंत्र असे काही पक्के केले की आजही त्यापुढे फारसे कोणी गेलेले नाही. ज्या लेखकाला दर दहा पानांनी नवा चमत्कार लागतो तो लेखक आम्हांला आवडत नाही; हा आमचा दोष असेल तर तो आम्ही पत्करतो.

मराठीत ही कथा आली तीही फार दुरून. कोचीनहून कृष्णाजी नारायण आठल्ये 'केरळ कोकिळ' नावाचे मराठी मासिक काढीत. त्यात १९०० सालापासून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर 'चंद्रलोकची सफर' ह्या नावाने क्रमशः येऊ लागले. म्हणजे मलबारच्या किनाऱ्यावरून चालविलेल्या मासिकातून फ्रेंच लेखकाचा तोफगोळा मराठी वाचकाला चंद्राकडे घेऊन गेला! पुढील दोन दशकांत श्री. बा. रानडे ह्यांच्या 'तारेचे हास्य' सारख्या स्वतंत्र कथा दिसू लागल्या. परंतु मुलांच्या मनात हे बीज खोल रुजविले ते भा. रा. भागवतांनी. 'चंद्रावर स्वारी', 'समुद्र सैतान' अशी व्हर्नची एकामागून एक रूपांतरे त्यांनी केली, आणि ती अशा खट्याळ मराठीत केली की व्हर्न हा पुण्याच्या सदाशिव पेठेतच राहत असावा असे वाटावे. त्यांचा फास्टर फेणे ह्याच व्हर्नचा मानसपुत्र आहे. फक्त त्याच्याजवळ पाणबुडी नसून सायकल आहे.

मोठ्यांच्या साहित्यात मात्र विज्ञानकथेला पाटावर बसावयास जागा नव्हती. ती कशी मिळाली ह्याची कथा सांगण्यासारखी आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली मुंबईत स्थापन झाली. मराठीतून विज्ञान सर्वांपर्यंत न्यावे हा तिचा उद्देश, आणि त्यासाठी तिने विज्ञानकथांची स्पर्धाही ठेवली. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. तिला पहिले बक्षीस मिळाले, आणि मग कळले की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती, आणि अक्षर कोणी ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून, लिहवून घेतली होती. केंब्रिजला फ्रेड हॉइलबरोबर विश्वरचनेचा सिद्धांत मांडलेला हा शास्त्रज्ञ. त्याला आपल्या नावाच्या वजनाशिवाय केवळ कथेच्या बळावर पारख करून घ्यावीशी वाटली, ह्यात आम्हांला त्याची सगळी सभ्यता दिसते. पुढील वर्षी, १९७५ साली, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत ह्यांनी विज्ञानकथेची दखल घेतली. १९७९ त नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह निघाला. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा एका वैज्ञानिकाला तो मान प्रथमच मिळत होता. प्रकृतीमुळे ते तेथे जाऊ शकले नाहीत, आणि २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ही मंडळी ह्याच वाटेने पुढे आली, आणि दर दिवाळीला 'धनंजय' किंवा 'नवल' घरात आला की फराळाच्या आधी तो कोणी वाचावा ह्यावरून भांडणे होऊ लागली.

दिवाळी अंक हाच आमच्या नादिष्टांचा खरा मेळावा, असे आम्ही म्हणतो. काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांना ह्याची कल्पना असणे शक्य नव्हते. पण एकच अंक आळीतील सात घरांतून फिरून परत येतो तेव्हा त्याच्या समासात पेन्सिलीच्या खुणा असतात. 'हे चूक आहे, गुरुत्वाकर्षण असे चालत नाही' असे कोणी तरी लिहिलेले असते, आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'चालते. पृष्ठ ४२ पुन्हा वाचा' असे उत्तर असते. अशा एका अंकातील अक्षर ओळखून आम्ही एका अपरिचित गृहस्थाच्या दारात जाऊन उभे राहिलो होतो. ते चिडतील असे वाटले होते. त्यांनी चहा केला.

अमेरिकेत हे काम टपालाने झाले, आणि तो इतिहास आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या गृहस्थाने १९२६ च्या एप्रिलमध्ये केवळ विज्ञानकथांना वाहिलेले 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे छापताना त्याने पत्रलेखकांचे पत्तेही छापले. एवढ्याशा गोष्टीने सगळे बदलले. वाचक संपादकाला पत्र लिहिण्याऐवजी एकमेकांना लिहू लागले. एका शहरातले पत्रलेखक एकत्र जमू लागले, त्यांच्या मंडळ्या झाल्या, आणि १९३० साली शिकागोच्या एका मंडळीने 'द कॉमेट' नावाचे हातयंत्रावर काढलेले पत्रक सुरू केले. अशी शेकडो पत्रके पुढे निघाली. १९३७ च्या जानेवारीत इंग्लंडात लीड्स येथे थोडी मंडळी जमली. त्यांत पुढे जगप्रसिद्ध झालेला तरुण आर्थर क्लार्क होता. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिले जागतिक संमेलन भरले, आणि सुमारे दोनशे लोक आले. फॉरेस्ट अॅकरमन नावाचा एक नादिष्ट तेथे भविष्यकाळातील पोषाख घालून हिंडला. तो पोषाख त्याच्या मैत्रिणीने, मर्टल डग्लस हिने, शिवला होता, आणि तीही तसाच वेश करून आली होती. आज मुंबईच्या मोठ्या मेळाव्यात तरुण मुले-मुली आवडत्या पात्रांचे वेश करून येतात त्याचे मूळ तेथे आहे. आमच्या गावी बहुरूपी येत असे, दशावतारात संकासुर येत असे; तेव्हा ह्यात नाक मुरडण्यासारखे काही आहे असे आम्हांला वाटत नाही.

आणि हो, त्याच पहिल्या संमेलनात सहा जणांना दारातूनच परत पाठविण्यात आले, कारण संयोजकांचे आणि त्यांचे राजकारणावरून बिनसले होते. त्या सहांतील फ्रेडरिक पोल पुढे मोठा लेखक झाला. साहित्य संमेलनांची सवय असलेल्या मराठी माणसाला हे वाचून फार आपलेपणा वाटेल.

आता आपल्या आवडीची कथा दुसऱ्याला कशी द्यावी ह्याकडे येऊ, कारण येथेच बहुतेकांची चूक होते. नादिष्ट मनुष्य भेटीच्या पहिल्या पाच मिनिटांत आपले सर्व भांडार समोरच्याच्या डोक्यावर ओततो. बारा खंडांची मालिका, तीतील राजवंश, ग्रहांची नावे, आणि 'पहिले दोन खंड जरा कंटाळवाणे आहेत, पण पुढे बघा' अशी पुस्ती. ऐकणारा घाबरून जातो व आयुष्यभर त्या वाटेला जात नाही. टोल्किनचा मोठा ग्रंथ इंग्रजीत १९५४-५५ साली निघाला. आज तो मुग्धा कर्णिक ह्यांच्यामुळे 'स्वामी मुद्रिकांचा' ह्या नावाने मराठीतही आहे. परंतु कोणाही नवख्याच्या हाती आरंभीच तो देऊ नये असे आम्ही अनुभवाने सांगतो. खुद्द टोल्किनने तो ग्रंथ लिहिता लिहिता ऑक्सफर्डच्या मित्रमंडळात, सी. एस. लुइसच्या खोलीवर, प्रकरणाप्रकरणाने वाचून दाखविला होता. तेथे कंटाळणारेही होते. त्यांतील एक जण तर वाचन सुरू झाले की उघड कुरकुर करी. मग आपल्या मेहुण्याने कुरकुर केली तर त्यात नवल काय?

द्यावयाची ती एकच कथा, लहान, आणि घेणाऱ्याचा पिंड पाहून द्यावी. क्रिकेटच्या वेड्याला नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' द्यावी. ती क्रिकेटच्या मैदानापासून सुरू होते. पुढचे आम्ही सांगणार नाही, कारण रहस्य फोडणे ह्यासारखे दुसरे पाप ह्या पंथात नाही. ज्याला अंधारात भीती वाटून घेण्याची हौस आहे त्याला नारायण धारप द्यावेत. 'तुंबाड' हा २०१८ चा चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांना त्याची प्रेरणा धारपांच्या एका कथेत आहे एवढे सांगितले तरी ते स्वतःच ग्रंथालयाची पायरी चढतात. लहान मुलांना 'हॅरी पॉटर आणि परीस' द्यावे. त्या मराठी नावातील 'परीस' हा शब्द ज्याने योजला त्याला आमचा नमस्कार.

मागवाल्याला काय द्यावे? येथे आम्ही थोडे थांबतो, कारण हा आमच्या गावचा प्रश्न आहे. एका ओळखीच्या मागवाल्याने आम्हांला स्पष्ट विचारले होते, "तुमच्या ह्या गोष्टींत आमचे काय आहे?" आम्ही त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कल्पित नाही, खरी आहे. फ्रान्सच्या लियों शहरात जोसेफ जॅकार्डने १८०४-०५ च्या सुमारास मागावर एक यंत्र चढविले. भोके पाडलेले पुठ्ठे साखळीसारखे ओवलेले असतात. धोट्याच्या एकेका फेरीला एकेक पुठ्ठा पुढे येतो. जेथे भोक असेल तेथील आकडा वर जातो आणि ताण्याचा तेवढाच धागा उचलला जातो. जेथे भोक नाही तेथील धागा खालीच राहतो. अशा रीतीने पुठ्ठ्यावर लिहिलेले फूल कापडावर उमटते. चार्ल्स बॅबेजने १८३० नंतरच्या काळात गणिती यंत्राचा आराखडा केला तेव्हा हे पुठ्ठे त्याने मागावरून उचलले, आणि १८४३ साली एडा लव्हलेसने त्या यंत्रावर टिपणे लिहिताना मागाचीच उपमा दिली. भोक आहे किंवा नाही, होय किंवा नव्हे, ह्याच भाषेत आजचा संगणक चालतो. म्हणजे ज्या संगणकाला घाबरावयाचे तो मागाच्याच घराण्यातला आहे.

दुसरी गोष्ट कल्पित. झेक लेखक कारेल चापेक ह्याने १९२० साली एक नाटक लिहिले व १९२१ साली ते प्रागमध्ये रंगभूमीवर आले. 'रोबॉट' हा शब्द जगाला त्या नाटकाने दिला. झेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगार. त्याचे रोबॉट लोखंडाचे नव्हते. कारखान्यात घडविलेली हाडामांसाची माणसेच होती ती, फक्त त्यांना थकवा नव्हता आणि पगार नव्हता. पुढे काय होते ते सांगत नाही. मागवाले गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पगार नव्हता, पण खुराक तर लागत असेल." त्या एका वाक्याने आम्हांला कळले की ह्या पंथात आणखी एक दाखल झाला. बारा तासांच्या पाळीत आठ-दहा मागांच्या खटखटाटात उभा राहणारा मनुष्य चापेकचे नाटक आमच्याहून लवकर समजतो.

आता शेवटी ज्या कथेने आम्हांला हा लेख लिहावयास लावला तिच्याकडे येतो. नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. व्याख्यानमालेच्या श्रोत्यांनी तर ही कथा वाचलीच पाहिजे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केल्यापासून अध्यक्षस्थानी बसण्याचा जो मोह मराठी विद्वानांना जडला आहे, त्याची ह्यात गोड थट्टा आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ह्यांनी नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषविलेले आहे. एका अपघाताने ते अशा जगात जाऊन पडतात की जेथे पानिपतात मराठे जिंकले आहेत. विश्वासरावांना लागावयाची गोळी कानाला चाटून गेली, आणि तेथून इतिहासाला निराळा फाटा फुटला. मुंबईत अजून कंपनीचे राज्य आहे, पण देशात मराठ्यांचे. आझाद मैदानावर सभा चालू आहे, आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी! पंतांना राहवत नाही. ते जाऊन बसतात आणि हजाराव्या भाषणास प्रारंभ करतात. त्या जगात लोकांनी अध्यक्षांची भाषणे कधीच बंद करून टाकलेली आहेत. मग टोमॅटो आणि अंडी.

शास्त्र आहे ते ह्याच्या मागे. विद्युत्कणाविषयी आधुनिक भौतिकशास्त्र असे सांगते की तो नेमका कोठे सापडेल हे आधी सांगता येत नाही. अमुक ठिकाणी इतकी शक्यता, तमुक ठिकाणी इतकी, एवढेच सांगता येते. काही शास्त्रज्ञ असे मानतात की ह्या सर्व शक्यता निरनिराळ्या जगांत खऱ्या होतात. नारळीकरांनी हाच विचार विद्युत्कणावरून बंदुकीच्या गोळीवर नेला. शास्त्राने एवढी सूट द्यावी काय हा प्रश्न आहे, परंतु कथेने ती मागितली तर आम्ही देतो. ह्या कथेचे इंग्रजी रूप पुढे अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातही आले.

आमच्याकडे महिन्यातून एकदा पाच-सात जण जमतात. नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. एकाने एक कथा सांगावयाची, वाचून नव्हे, तोंडाने. भाषा ज्याची त्याने वापरावी; अडले तर शेजाऱ्याने अर्थ सांगावा. आरंभी ही सगळी मराठीच मंडळी होती. मग निजामपुऱ्याकडचे एक वयस्क गृहस्थ येऊ लागले. त्यांना आम्ही चाचा म्हणतो, ते आम्हांला मास्तर म्हणतात. त्यांचे आजोबा रात्री अंगणात बसून होशरुबा सांगत. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ साली वारले आणि दास्तान सांगण्याची कला त्यांच्याबरोबर गेली असे लिहितात. २००५ पासून महमूद फारुकी ह्यांनी ती रंगभूमीवर पुन्हा आणली. पण चाचांच्या अंगणात ती गेलीच नव्हती. अमर अय्यार शत्रूच्या तंबूत म्हातारीच्या वेशाने शिरतो तेव्हा चाचांचा आवाज असा बदलतो की दाराआड उभी राहिलेली आमच्या घरातील माणसेही बाहेर येऊन बसतात.

हे सर्व एवढे सोपे नाही. १९७० आणि १९८४ ह्या दोन सालांत भिवंडीने जे पाहिले ते ज्यांना आठवते ते गल्ली ओलांडताना आजही एकदा मागे वळून पाहतात. दोन गल्ल्यांना परस्परांच्या दुकानांचे भाव ठाऊक असतात, मागांचे आवाज ठाऊक असतात. मुलांना रात्री कोणती गोष्ट सांगतात हे ठाऊक नसते. म्हणूनच आमची पाळी आली तेव्हा 'गंगाधरपंतांचे पानिपत' सांगावी की नाही ह्याचा आम्ही आठवडाभर विचार केला. मराठ्यांनी पानिपत जिंकल्याची कथा चाचांसमोर सांगताना ती कानाला कशी लागेल? दुसरी एखादी निरुपद्रवी कथा सांगून वेळ मारून न्यावी असेही मनात आले. शेवटी सांगितली. अध्यक्षांच्या खुर्चीपाशी सगळे हसले, चाचाही हसले. अंडी फेकली तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली.

मग त्यांनी विचारले, "मास्तर, उस दुनिया में इब्राहिमखान का क्या हुआ?"

आम्ही निरुत्तर झालो. इब्राहिमखान गारदी हा १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेबांच्या तोफखान्याचा सरदार होता. त्याच्या तोफांनी रोहिल्यांची फळी फोडली. तो जखमी होऊन पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत त्याला ठार मारण्यात आले. हे आम्हांला शाळेपासून ठाऊक आहे. ही कथा आम्ही किती वेळा वाचली असेल! विश्वासराव जगले, भाऊ जगले, पेशवाई जगली. पण ज्याच्या तोफांवर सगळा डाव होता तो त्या दुसऱ्या जगात पुण्याला परत आला की नाही, त्याला जहागीर मिळाली की नाही, त्याची नातवंडे कोणती भाषा बोलत असतील, हा प्रश्न आमच्या मनात एकदाही आला नव्हता. तो येण्यास ती कथा पहिल्यांदा ऐकणारा मनुष्य लागला.

त्या रात्री साडेअकरापर्यंत इब्राहिमखानाचीच गोष्ट चालली. एकाने त्याला उदगीरला धाडले, दुसऱ्याने साताऱ्यास तोफांचा कारखाना काढून दिला. चाचांनी त्याला म्हातारपणी कामवारीच्या काठी आणून बसविले, आणि तेथे तो पोरांना पानिपताची दास्तान सांगतो असे ठरविले. हे कालगणनेत बसते की नाही ह्यावर वाद झाला. बसते असा निकाल लागला.

जाताना चाचांनी पुस्तक मागितले. मराठी त्यांना बोलता येते, वाचताना अडते. पण नात मराठी घेऊन दहावीला आहे, ती वाचून दाखवील असे म्हणाले. त्याला आता तीन महिने होत आले. पुस्तक परत आलेले नाही, आणि आम्ही मागितलेले नाही. मागच्या बैठकीला चाचा एवढेच म्हणाले की नातीने पुढची कथा एकटीनेच वाचून टाकली आणि त्यांना सांगावयास ती तयार नाही. रहस्य फुटेल म्हणते.